आधी रिपोर्ट, मग टूल: व्यवसायाच्या वेब अ‍ॅपसाठी रिपोर्टिंग टूल निवडण्याची रीत

अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या एमआयडीसीतल्या कारखान्याने स्वतःचं वेब अ‍ॅप बनवून घेतलं, की सुरुवातीचे महिने एंट्रीचे फॉर्म जमवण्यात जातात. इनवर्ड, इश्यू, प्रॉडक्शन, डिस्पॅच सगळं भरायला लागतं. मग एक दिवस मालक विचारतात, "पोरं दिवसभर भरतायत ते ठीक आहे, पण मला बघायला काय मिळणार?" तिथून रिपोर्टिंग टूलची, म्हणजे भरलेल्या डेटातून कागद, याद्या आणि तक्ते काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरची, चर्चा सुरू होते आणि बहुतेक वेळा ती चुकीच्या टोकाने सुरू होते. कुणी मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयचा रंगीत डेमो दाखवतो, जुना प्रोग्रॅमर क्रिस्टल रिपोर्ट्स सोडायला तयार नसतो, नवा मुलगा म्हणतो सगळं एचटीएमएलमध्येच करू. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं. भांडण यासाठी होतं, की तिघांच्या डोळ्यांसमोर तीन वेगळे रिपोर्ट असतात.

टूलचा डेमो पाहून टूल ठरवणं म्हणजे रुखवत पाहून स्वयंपाकाची पारख करणं. डेमोतला डेटा त्यांचा, रिपोर्ट त्यांचा, भाषा इंग्रजी आणि रकमा मिलियनमध्ये. आपलं दुखणं त्यात कुठेच नसतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत टूलची नावं बरीच उशिरा येतात.

पायरी १: टेबलांवरचे कागद गोळा करा

गेल्या महिन्यात कंपनीत जे जे छापलं, मेल केलं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं त्याची एकेक प्रत जमवा. अकाउंट्स, स्टोअर, डिस्पॅच, क्वालिटी, एचआर आणि सिक्युरिटी गेटसुद्धा. गेट लोक हमखास विसरतात, आणि गेटपासच सगळ्यात जास्त वेळा छापला जातो. प्रत्येक कागदाच्या मागे तीन गोष्टी पेनाने लिहा: हा कोण बघतो, कधी बघतो, आणि बघून काय करतो. तिसऱ्या प्रश्नाला "फाइलला लावतो" एवढंच उत्तर आलं, तर तो रिपोर्ट नव्या टूलमध्ये बनवू नका. कुणी मागितला तर बघू.

उरलेल्या कागदांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग बाहेरच्या माणसाच्या हातात जाणाऱ्या कागदांचा: टॅक्स इनव्हॉइस, डिलिव्हरी चलन, जॉबवर्क चलन, पगारपत्रक, बाजार समितीतला व्यापारी असेल तर शेतकऱ्याला द्यायची हिशोबपट्टी. इथे मांडणी मिलिमीटरपर्यंत जागच्या जागी लागते.

दुसरा ढीग रजिस्टरांचा. स्टॉक लेजर, खरेदी रजिस्टर, जीएसटी रिटर्नसाठीच्या याद्या. हे छापले तरी शेवटी कुणीतरी एक्सेलमध्येच उघडणार असतं.

तिसरा ढीग नुसत्या नजरेचा: आजचं प्रॉडक्शन किती, रिजेक्शन कुठल्या मशीनवर वाढलं, येणी किती दिवसांची झाली. हे मालक मोबाइलवर बघतात, तेही रात्री जेवणानंतर.

या तिन्ही ढिगांना एकच टूल पुरेल हा हट्ट सोडला, की अर्धं काम झालं. क्रिस्टल आणि मेटाबेस यांची तुलना करणाऱ्या याद्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. ती तुलनाच होत नाही. एक पहिल्या ढिगाचं टूल आहे, दुसरं तिसऱ्या ढिगाचं. तुलना करायची तर एकाच ढिगातल्या टूलांची करा.

पायरी २: सगळ्यात त्रासदायक तीन रिपोर्ट कसोटीला काढा

ढिगांतले सोपे नव्हे, सगळ्यात अवघड रिपोर्ट निवडा. जो विक्रेता किंवा जो प्रोग्रॅमर आपल्या टूलची बाजू मांडतो आहे, त्याला हे तीन रिपोर्ट आपल्याच डेटावर करून दाखवायला सांगा. नावं-रकमा बदलून घ्या, पण ओळींची संख्या खरी ठेवा. नाशिकमधल्या बऱ्याच व्यवसायांना लागू पडतील असे तीन नमुने सांगतो.

पहिला, अनेक पानी टॅक्स इनव्हॉइस. ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेली आहे, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यवसायाला दिलेल्या बिलांसाठी ई-इनव्हॉइस लागतं. म्हणजे सरकारी पोर्टलने सही करून पाठवलेला क्यूआर कोड बिलावर छापावा लागतो; ६४ अक्षरी आयआरएन, म्हणजे बिलाचा संदर्भ क्रमांक, त्यातच असतो. हा क्यूआर यूपीआयच्या क्यूआरसारखा मोकळा नसतो, फार दाट असतो. टूलने तो लहान करून किंवा धूसर चित्र म्हणून छापला, तर पलीकडच्या स्टोअरमध्ये स्कॅन होत नाही. त्यामुळे छापील कागदावरचा क्यूआर मोबाइलने वाचून बघा. पडद्यावर चांगला दिसला म्हणून पास करू नका. त्याच बिलात चाळीसेक ओळी भरा. दुसऱ्या पानावर मथळा परत आला का, पानाखाली "पुढे नेले" आणि पुढच्या पानावर "मागील पानावरून" ही बेरीज येते का, शेवटच्या पानावर नुसता सहीचा चौकोन एकटाच उरतो का, हे पाहा. पट्ट्यांच्या रचनेवर चालणाऱ्या जुन्या टूलांना, म्हणजे क्रिस्टल, जॅस्पर वगैरेंना, पानाची बेरीज हातचा मळ आहे. ब्राउझरकडून एचटीएमएलचं पीडीएफ करून घेणाऱ्या रीतीत मथळा सहज परत येतो, पण पुढे नेलेली बेरीज मिळवायला घाम फुटतो.

दुसरा नमुना, जॉबवर्कला गेलेल्या मालाचा वयवार ताळा. अंबड-सातपूरला अजूनही लोक त्या चलनाला जुन्या एक्साइजच्या सवयीने सत्तावन्न एफ चार म्हणतात. आता जीएसटीत हा माल १ वर्षात आणि भांडवली वस्तू ३ वर्षांत परत यायला हवी, आणि आयटीसी-०४ या जीएसटीच्या फॉर्ममध्ये त्याची माहिती द्यायची. एका चलनावरचा माल चार हप्त्यांत येतो, थोडा भंगारात जातो, थोडा दुसऱ्याच जॉबवर्करकडे वळतो. एका चलनाखाली अनेक पावत्या आणि प्रत्येक चलनाची शिल्लक दाखवणारा हा रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवून बघा. जोडलेले सेल, मधेच रिकामे स्तंभ, तारखा मजकूर म्हणून आलेल्या: यातलं काहीही दिसलं तर तुमचे सीए तो रिपोर्ट वापरणार नाहीत, परत हाताने बनवायला लावतील. एक्सेलच्या एका शीटवर १०,४८,५७६ ओळी बसतात. काही टूलं मात्र अजून जुन्या फाइल-प्रकारात लिहितात, तिथे ६५,५३६ ओळींवर गाडी थांबते. रजिस्टरांच्या ढिगासाठी हे आधी तपासा.

तिसरा नमुना मराठीचा, आणि त्यावर जरा जास्त थांबतो, कारण इंग्रजीत लिहिलेल्या कुठल्याही तुलनेत तो सापडत नाही.

मराठी छपाईची कसोटी

पिंपळगाव किंवा लासलगावच्या व्यापाऱ्याचं अ‍ॅप असो की द्राक्ष खरेदी करणाऱ्या निर्यातदाराचं, शेतकऱ्याच्या हातात जाणारी पट्टी मराठीतच लागते. टूल "युनिकोड चालतं" म्हणतं ते खरं असतं आणि पुरेसं नसतं. युनिकोड अक्षरं साठवणं वेगळं आणि जोडाक्षरं नीट घडवून छापणं वेगळं. दुसऱ्या कामाला अक्षरांचा आकार ठरवणारं इंजिन लागतं, आणि पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच लायब्ररींत (प्रोग्रॅमर आयते वापरतात त्या कोडच्या संचांत) ते नसतं. मग "निफाड" मधली पहिली वेलांटी न च्या उजवीकडे जाऊन बसते आणि "सिन्नर" मधला न पाय मोडून उभा राहतो.

तपासायला हे एकच वाक्य पुरतं:

"त्र्यंबकेश्वर तालुक्यातील शेतकऱ्यांच्या द्राक्षांची हिशोबपट्टी, दिंडोरी."

त्र्य मध्ये तीन व्यंजनं एकात एक आहेत आणि वर अनुस्वार. ऱ्या मध्ये मराठीचा खास आडवा अर्धा र आहे. हिंदीवर तपासलेलं टूल इथेच पडतं. द्रा, क्षां, ट्टी, दिं सगळं एका ओळीत येतं. हे वाक्य पडद्यावर, पीडीएफमध्ये, एक्सेलमध्ये आणि कागदावर, चारही ठिकाणी बघा. पडद्यावर बरोबर आणि पीडीएफमध्ये मोडलेलं हा सगळ्यात नेहमीचा प्रकार आहे, कारण पडद्यावर अक्षरं ब्राउझर घडवतो आणि पीडीएफमध्ये टूलची स्वतःची लायब्ररी.

आता पीडीएफ बनवणाऱ्या टूलांबद्दल नावानिशी. क्रोमकडून पीडीएफ करून घेतलं, उदाहरणार्थ पपेटियरने, तर मराठी नीट येतं, कारण तेच ब्राउझरचं इंजिन छापतं. पायथनवाल्यांना वीझीप्रिंट चालतं. पीएचपीमध्ये एमपीडीएफला भारतीय लिप्या जमतात, डॉमपीडीएफला जोडाक्षरं जमत नाहीत. आयटेक्स्टमध्ये यासाठी कॅलिग्राफ नावाचा वेगळा, पैसे देऊन घ्यायचा भाग आहे. जॅस्परमध्ये ठरावीक लिप्यांची अक्षरं जावाच्या मजकूर-इंजिनाकडून काढून घेण्याची सेटिंग आहे. ती चालू न करता काढलेलं पीडीएफ पाहून जॅस्परला नापास करू नका. क्वेस्टपीडीएफ हे डॉट नेटवाल्यांना, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या त्या चौकटीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना, या बाबतीत सोयीचं आहे. डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ अजून अनेक जुन्या अ‍ॅपमध्ये आहे, पण त्याचं गिटहबवरचं काम जानेवारी २०२३ मध्ये बंद करून ठेवलं गेलं. नव्या कामात ते घेऊ नये.

फॉन्टचं एक वेगळंच प्रकरण आहे. प्रोग्रॅमरच्या विंडोज लॅपटॉपवर मंगल फॉन्ट असतो, सर्व्हर लिनक्सचा असतो. तिथे मंगल नसतो आणि पट्टीवर नावाच्या जागी रिकामे चौकोन येतात. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांसारखा मोफत फॉन्ट अ‍ॅपबरोबरच सर्व्हरवर चढवा आणि रिपोर्टमध्ये त्याचंच नाव द्या. जुना डेटा श्रीलिपी किंवा तसल्याच युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल, तर कुठलंही टूल घेण्याआधी तो बदलून घ्या. तो प्रश्न टूल सोडवणार नाही.

अजून एक खोच. ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ वापरून, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला वेगळे वाटतात. मग "मोऱ्यांचा मळा" या एकाच वस्तीची रिपोर्टात दोन ओळींत दोन बेरजा येतात आणि दोष रिपोर्टिंग टूलवर जातो. एंट्री साठवतानाच एक रूप ठरवून टाका. नावांच्या यादीचा क्रमही बघून घ्या: आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात, मराठीची क्रमवारी न लावलेला डेटाबेस ळ ला ल च्या मागोमाग आणि क्ष ला क मध्ये घालतो.

रकमेचे स्वल्पविराम लाख-कोटीचे हवेत, १,२५,००० असे. क्रोमसारख्या ब्राउझरला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलं, की आकडेसुद्धा आपोआप देवनागरी होतात. पट्टीवर ते छान दिसतात, पण तसेच एक्सेलमध्ये गेले तर बेरीज होत नाही. छापायला एक आणि उतरवायला दुसरं लोकेल ठेवा. अक्षरी रक्कम हा स्वतंत्र विषय आहे. बाहेरून आणलेल्या लायब्ररी "वन हंड्रेड ट्वेंटी फाइव्ह थाउजंड" देतात. आपल्याला "एक लाख पंचवीस हजार फक्त" हवं असतं. मराठीत एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं असल्यामुळे नियम लावून ते तयार होत नाही, नव्व्याण्णव नावांचा तक्ताच लागतो. तो एकदा कोडमध्ये लिहा आणि सगळ्या रिपोर्टांना तिथूनच द्या.

पायरी ३: अ‍ॅप कशात बांधलंय त्यावरून चाळणी लावा

आता नावांची यादी पुढे घ्यायला हरकत नाही.

डॉट नेट फ्रेमवर्कवरचं जुनं अ‍ॅप असेल आणि त्यात क्रिस्टलचे शे-दीडशे रिपोर्ट चालू असतील, तर ते उगाच उखडू नका. पण व्हिज्युअल स्टुडिओसाठीची क्रिस्टलची रनटाइम (रिपोर्ट चालवणारा भाग) आताच्या डॉट नेटवर, म्हणजे पूर्वी कोर म्हणायचे त्या शाखेवर, चालत नाही. अ‍ॅप नव्या डॉट नेटवर नेणार असाल तर क्रिस्टलचा शेवट तुम्ही आजच ठरवलाय असं समजून पुढचं टूल शोधा.

एसएसआरएस, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस, मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसबरोबर येतं म्हणून लोकांना फुकट वाटतं. २००४ पासूनचं हे मजबूत टूल आहे. मात्र एसक्यूएल सर्व्हर २०२५ पासून त्याची नवी आवृत्ती निघत नाही. २०२२ ची शेवटची, तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या जानेवारी २०३३ पर्यंत मिळतील. पुढची वाट पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरची. दिलासा एवढाच, की एसएसआरएसच्या जुन्या आरडीएल फाइली (रिपोर्टचे साचे) तिथे चालतात, केलेलं काम पाण्यात जात नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने थेट रिपोर्ट सर्व्हरवरच करावी.

जावावाल्यांना जॅस्परला फारसा पर्याय शोधायची गरज पडत नाही. लायब्ररी मुक्त स्रोत आहे, डिझायनर मिळतो, माणसंही मिळतात. २०२४ च्या ७.० आवृत्तीत रिपोर्ट-फाइलचा साचा बदलला, त्यामुळे जुने रिपोर्ट घेऊन येणाऱ्याने रूपांतराचा वेळ धरावा. बर्टही जावातलंच, एक्लिप्सचं. मधे काही वर्षं ते थंड पडलं होतं, नंतर पुन्हा काम सुरू झालं. नवीन कामाला मी ते सुचवणार नाही.

डेव्हएक्स्प्रेस, टेलेरिक, स्टिमुलसॉफ्ट, फास्टरिपोर्ट, अ‍ॅक्टिव्हरिपोर्ट्स ही विकत घ्यायची मंडळी. यांचं खरं बळ म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा डिझायनर. तुमच्या ग्राहकाला स्वतः बिलाचा नमुना बदलायचा असेल, म्हणजे तुम्ही एकच अ‍ॅप पन्नास कारखान्यांना देणार असाल, तर हे पैसे वसूल होतात. एकाच कारखान्याच्या अ‍ॅपसाठी सहसा होत नाहीत.

एचटीएमएल साचा आणि त्यातून पीडीएफ ही रीत पीएचपी, पायथन, नोडवाल्यांची नेहमीची. सुरुवातीला स्वस्त. पाचेक कागदांच्या पलीकडे गेली, की पानतोडीचे आणि बेरजांचे हट्ट प्रोग्रॅमरच्या मानगुटीवर बसतात.

तिसऱ्या ढिगासाठी मेटाबेस, सुपरसेट, पॉवर बीआय. मेटाबेस बसवायला सगळ्यात सोपं. ज्याला एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा येत नाही तोही त्यात प्रश्न विचारू शकतो. सुपरसेट २०१५ मध्ये एअरबीएनबीत सुरू झालं आणि आता अपाचेचं आहे. ताकद जास्त, सांभाळायला माणूस लागतो. एक्सेलमध्ये मुरलेल्या अकाउंट्सवाल्याला पॉवर बीआय पटकन जमतं. फक्त एक लक्षात घ्या, या टूलांच्या तिमाह्या जानेवारीपासून सुरू होतात. एप्रिल ते मार्चचं आर्थिक वर्ष चालवायला तारखांचा वेगळा तक्ता डेटाबेसमध्ये करून ठेवा, नाहीतर मालकांच्या मोबाइलवर पहिल्या तिमाहीची विक्री भलतीच दिसेल.

पायरी ४: प्रिंटर विसरू नका

डिस्पॅचच्या टेबलावर आणि बाजार समितीच्या गाळ्यावर अजून डॉट मॅट्रिक्स आहेत, कारण कार्बनच्या तीन प्रती एका फटक्यात निघतात. त्यावर पीडीएफ पाठवलं तर प्रिंटर ते चित्र म्हणून रेघ-रेघ ओढत बसतो आणि ट्रॅक्टरांची रांग लागते. इंग्रजी पट्टी साध्या मजकुराच्या रूपात थेट पाठवता येते, झपकन निघते. मराठी मात्र बहुतेक प्रिंटरवर चित्र म्हणूनच जाते. तिथे दोनच मार्ग: छापील मराठी मथळ्याच्या कोऱ्या पट्ट्या आणून फक्त आकडे छापायचे, किंवा थर्मल प्रिंटर घ्यायचा. हमाली, तोलाई, वाराई हे शब्द रोज तेच असतात, ते प्रेसवाल्याकडून छापून आणलेले बरे. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून पट्टीची पीडीएफ प्रत अ‍ॅपमध्ये राहू द्या.

पायरी ५: महिन्याच्या दहा तारखेची गर्दी आत्ताच करून बघा

जीएसटीआर-१ महिन्याला भरणाऱ्यांची तारीख ११ असते. १० तारखेला संध्याकाळी सगळे एकदम रजिस्टर काढतात. निवडलेलं टूल या वेळी काय करतं, हे एका माणसाच्या एका क्लिकवरून कळत नाही. वर्षभराचा डेटा भरा, आठ-दहा टॅबमधून तोच मोठा रिपोर्ट एका वेळी मागा, आणि त्याच वेळी कुणालातरी डिस्पॅचचं चलन करायला बसवा. चलन अडलं, तर रिपोर्टचं काम पार्श्वभूमीला न्यायला हवं: मागणी नोंदवायची, तयार झाल्यावर कळवायचं. ज्या टूलला हे ब्राउझरच्या पानाबाहेर, रांगेत चालवता येत नाही, ते मोठ्या रजिस्टरांसाठी बाद. शक्य असेल तर रिपोर्ट डेटाबेसच्या वाचनापुरत्या प्रतीवरून काढा.

क्रिस्टल वापरत राहणाऱ्यांनी एक नेहमीचा आजार ओळखून ठेवावा. सकाळी सगळं चालतं, दुपारनंतर रिपोर्ट उघडत नाहीत, कमाल कामांची मर्यादा गाठल्याचा संदेश येतो, आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) पुन्हा सुरू केलं की बरं होतं. ती मर्यादा मुळात ७५ वर ठेवलेली असते. विंडोजच्या रजिस्ट्रीत जाऊन ती वाढवणं हा उपाय नव्हे; काम झाल्यावर रिपोर्टचा ऑब्जेक्ट कोडमध्ये बंद होत नाही, हे मूळ कारण आहे.

पायरी ६: दुसऱ्याचा रिपोर्ट उघडतो का, ते बघा

ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि जवळजवळ कुणी करत नाही. साध्या युजरने लॉगिन करा, स्वतःचं बिल उघडा, ब्राउझरच्या पट्टीतला बिल क्रमांक एकाने वाढवा. दुसऱ्याचं बिल उघडलं, तर टूल कितीही सुंदर असो, जोडणी चुकीची आहे. परवानगी अ‍ॅपने तपासायची आणि टूलकडे आधीच ठरलेली अट पाठवायची. युजरच्या हातातली अट कधीच पाठवायची नाही.

मेटाबेसच्या मोफत आवृत्तीत सही केलेल्या दुव्याने, कुलूपबंद अटींसह डॅशबोर्ड अ‍ॅपमध्ये बसवता येतो. खाली त्यांचं नाव दिसतं, एवढंच. युजरप्रमाणे ओळी आपोआप लपवणं पैसे दिल्यावर मिळतं. सुपरसेटमध्ये ओळनिहाय परवानगी मोफत आहे. पॉवर बीआयमध्ये "वेबवर प्रकाशित करा" नावाचं सोपं बटण आहे. त्यातून मिळालेला दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला लॉगिनशिवाय सगळं दिसतं. कारखान्याचे दर, ग्राहकांची नावं असलेला रिपोर्ट त्या बटणाने अ‍ॅपमध्ये चिकटवणारे लोक आहेत. ते बटण अ‍ॅडमिनकडून बंदच करून घ्या.

पायरी ७: पैशांचा हिशोब तीन वर्षांचा मांडा

किंमत विचारताना "किती?" न विचारता "कशावर?" असं विचारा. काही टूलं प्रोग्रॅमरमागे पैसे घेतात, काही सर्व्हरमागे, काही बघणाऱ्या माणसामागे. बघणाऱ्यामागे पैसे लागले, की कारखान्यात लगेच काटकसर सुरू होते: एकच लॉगिन पाचजण वापरतात आणि सगळी परवानगीची रचना ढासळते. पॉवर बीआय प्रोचा दर एप्रिल २०२५ मध्ये माणशी महिना १० डॉलरवरून १४ झाला. दोन साहेबांसाठी तो काहीच नाही, साठ सुपरवायझरांसाठी बराच आहे. परदेशी कंपनीकडून थेट घेतलेल्या सॉफ्टवेअर सेवेवर रिव्हर्स चार्जने १८ टक्के जीएसटी आपण भरायचा असतो. क्रेडिट मिळतं, पण रोख आधी जाते. सीएंच्या कानावर घाला.

मोफत म्हणजे कुठल्या अटीवर मोफत, हेही वाचा. आयटेक्स्ट २००९ पासून एजीपीएल परवान्यावर आहे. आपलं अ‍ॅप बंद कोडचं असेल आणि ते नेटवरून लोकांना वापरायला द्यायचं असेल, तर एक तर कोड उघडा करा नाहीतर व्यावसायिक परवाना घ्या. प्रोग्रॅमर लायब्ररी नुसती ओढून घेतात, परवाना कुणी उघडून बघत नाही. क्वेस्टपीडीएफ वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा कमी उलाढालीच्या कंपन्यांना मोफत आहे. नाशिकच्या लहान कारखान्यांना ते चालून जातं, मध्यम कारखान्यांनी ताळेबंद बघावा.

आणि सगळ्यात महाग बाब परवान्यात नसते. दोन वर्षांनी बिलावर एक रकाना वाढवायचा झाला, तर तो कोण वाढवेल? तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याकडचा एकच मुलगा ते टूल जाणत असेल आणि तो पुण्याला गेला, तर एका रकान्यासाठी महिनाभर थांबावं लागतं. कॉलेज रोडपासून अंबडपर्यंत चार ठिकाणी विचारून बघा, हे टूल येणारा माणूस मिळतो का. मिळत नसेल तर ते टूल कितीही गुणी असलं तरी मी घेणार नाही.

पायरी ८: निकाल लावा

गुणांचे तक्ते, टक्केवारीचे भार वगैरे करू नका. त्यात शेवटी ज्याने तक्ता बनवला त्याचंच टूल जिंकतं. तीन कसोटी रिपोर्ट, गर्दीची चाचणी आणि परवानगीची चाचणी, प्रत्येकाला फक्त पास-नापास द्या. परवानगीत नापास झाला की विषय संपला. बाकीच्यात दोन टूलं सारखी ठरली, तर ज्याचा माणूस नाशिकात मिळतो ते घ्या.

एकट्या कारखान्याच्या नव्या अ‍ॅपला माझा कल असा: बाहेर जाणाऱ्या कागदांना अ‍ॅपच्या भाषेतलं एक टूल, डॉट नेट असेल तर क्वेस्टपीडीएफ, जावा असेल तर जॅस्पर, बाकीच्यांना क्रोमचं पीडीएफ, रजिस्टरांसाठी कुठलंही रिपोर्टिंग टूल न लावता थेट साधी, सपाट एक्सेल फाइल, आणि मालकांच्या मोबाइलसाठी मेटाबेस. अनेक ग्राहकांना एकच अ‍ॅप विकणाऱ्याने ब्राउझर-डिझायनर असलेलं विकतचं टूल घ्यावं. जुन्या क्रिस्टलवाल्याने नवे रिपोर्ट नव्या टूलमध्ये करत जावं आणि जुने, ज्याला हात लावायची वेळ येईल तसतसे, हलवावेत.

कुठलंही टूल घेतलं तरी रिपोर्टचं गणित टूलच्या फाइलमध्ये कोंबू नका. शिल्लक, वय, करपात्र रक्कम ही डेटाबेसच्या व्ह्यूमध्ये (डेटाबेसातच साठवलेल्या क्वेरीत) काढा आणि टूलला फक्त मांडणी करू द्या. मग पीडीएफ, एक्सेल आणि डॅशबोर्ड तिन्हीकडे एकच आकडा येतो, आणि उद्या टूल बदललं तरी गणित जागेवर राहतं.

जुने आणि नवे रिपोर्ट एक पूर्ण महिना शेजारी शेजारी चालवा, त्यात महिनाअखेर आणि जीएसटीची तारीख दोन्ही आली पाहिजेत. मार्चमध्ये मात्र हे करायला घेऊ नका. अकाउंट्सवाले तेव्हा वर्षअखेरीत बुडालेले असतात, दोन रिपोर्टांतला दोन रुपयांचा फरक शोधायला त्यांच्याकडे वेळ नसतो. जून-जुलै बरा. फरक सापडला, की तो आधी पैशांच्या राउंडिंगमध्ये आणि परत आलेल्या मालाच्या तारखेत शोधा. बहुधा तिथेच मिळतो.